घरची शाळा कोणाच्या खांद्यावर?

‘पालक’ हा शब्द मला अलीकडे फार खुपतो. शाळेत पालकसभा भरते आणि तिथे बहुतेक आयाच बसलेल्या असतात. मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्या कुटुंबांच्या बैठकांना मी गेली सात वर्षं जाते आहे. तिथेही ‘पालकांनी वेळ द्यायला हवा’, ‘पालकांनी संयम ठेवायला हवा’, ‘पालकांनी मुलांबरोबर नव्याने शिकायला हवं’ ही वाक्यं सारखी ऐकू येतात. बोलणारे बरेचदा वडील असतात. वेळ देणारी, संयम ठेवणारी, नोकरी सोडून घरी बसलेली मात्र आई असते. व्याकरणात हा शब्द दोघांनाही लागू पडतो. कामाची वाटणी करायची वेळ आली की तो स्त्रीलिंगी होतो.

मी स्वतः पुण्यात अशी घरशाळा चालवते. मुलगी पंधरा वर्षांची आहे, मुलगा अकरा. मुलगी तिसरीत असताना तिला वाचायला वेळ लागतो म्हणून वर्गात तिला रोज बाकावर उभं करत. सकाळी तिच्या पोटात दुखायचं आणि रविवारी दुखायचं नाही. तिला काढून घेतलं, धाकट्याला मग घातलंच नाही. तेव्हा मी एका सहकारी बँकेत नोकरी करत होते. ती सोडली. हे सगळं सांगते ते अशासाठी की, पुढे जे लिहिलं आहे ती बाहेरून केलेली टीका नाही. या घरात राहून, या कामात कमरेपर्यंत उभं राहून मी लिहिते आहे.

आपल्या गटांमध्ये या विषयावर दोन टोकांची मतं ऐकायला मिळतात. काही मैत्रिणी म्हणतात, बाईला पुन्हा घरात बसवण्याचा हा सुशिक्षित मार्ग आहे. काही म्हणतात, शाळा मुलांना स्पर्धा, आज्ञाधारकपणा आणि जातीपातीची उतरंड शिकवते, तेव्हा मुलं तिथून सोडवणं हेच परिवर्तनाचं काम. दोन्ही मतांत तथ्य आहे. पण दोन्हींमध्ये रोजचा दिवस कुठेच दिसत नाही. तो आधी मांडते.

एक दिवस

सकाळी सहाला दूध, पाणी, नवऱ्याचा डबा. सासूबाईंच्या गोळ्या. आठपर्यंत मुलं उठतात. ‘शाळा नाही म्हणजे मजा आहे’, असं लोक म्हणतात, आणि मुलांची असतेही. मुलगा चहाबरोबर पेपर वाचतो आणि विचारतो, महागाई निर्देशांक म्हणजे काय? मग वाण्याच्या मागच्या वर्षीच्या आणि या वर्षीच्या याद्या काढून आम्ही तूरडाळ, तेल, साखर यांचे भाव मांडतो. ते शिकणं खरं असतं, आणि मला त्यात आनंदही होतो. पण तोवर कुकर लावायचा राहिलेला असतो.

दहा ते साडेबारा बसून अभ्यास. बालभारतीची पुस्तकं, मुलीचं विज्ञान, मुलाचे अपूर्णांक. भाकरीचे तुकडे करून अपूर्णांक शिकवता येतात हे खरं आहे. ती भाकरी आधी कोणीतरी थापलेली असते हेही खरं आहे. दुपारी वाचनालय, नाहीतर बँक, पोस्ट, भाजी. मुलं बरोबर असतात, त्यांच्या वेगाने चालावं लागतं. संध्याकाळी वेताळ टेकडी किंवा मैदान, कारण मुलांना मुलं भेटली पाहिजेत आणि ती भेट आपोआप घडत नाही, ठरवून घडवावी लागते. कोणाच्या घरी, किती वाजता, आणायला कोण जाणार, हे सगळे फोन मी करते. रात्री सगळे झोपल्यावर उद्याचं वाचून ठेवायचं, कारण मुलगी आता रसायनशास्त्रात माझ्या पुढे निघाली आहे.

या दिवसात एक गोष्ट नाही, ती म्हणजे एकटीचा वेळ. शाळेचे सहा तास हे मुलाचे असतात तसेच ते बाईचेही असतात. त्या सहा तासांत ती नोकरी करते, शिवणाची ऑर्डर पुरी करते, मोर्चाला येते, नाहीतर नुसती पडून राहते. आपल्या चळवळीने पाळणाघरांची मागणी केली ती याच समजुतीने. मुलाला सांभाळणारी सार्वजनिक जागा असली तरच आईला सार्वजनिक जीवन मिळतं. तारा मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम उभं केलं आणि अनुताई वाघ त्यांच्याबरोबर उभ्या राहिल्या. मुलांच्या अंगणात जाऊन शिकवण्याची ‘अंगणवाडी’ची कल्पना त्या कामातून आली. अंगण मुलांचं होतं, पण शिकवायला आई बसलेली नव्हती, बाई आलेल्या होत्या. हा फरक लहान नाही.

आणि बाई ‘घरीच’ आहे म्हटल्यावर सगळं जग तिच्या वेळावर हक्क सांगतं. कुरिअर घ्यायचं आहे, सासूबाईंना डॉक्टरकडे न्यायचं आहे, नणंदेच्या घरी गॅसवाला यायचा आहे. ‘तू घरीच असतेस ना!’ वर्गात शिकवत असलेल्या बाईंना मध्येच उठवून कोणी गॅसवाल्याकडे पाठवेल का?

हिशेब

दोन वर्षांपूर्वी आमच्या गटात आम्ही सात-आठ जणींनी ठरवलं, एक आठवडा वही ठेवायची. मुलांच्या शिक्षणाशी संबंधित प्रत्येक कामाचा वेळ लिहायचा. शिकवणं तर धरायचंच, शिवाय तयारी, पुस्तकं शोधणं, ने-आण, इतर घरांशी जुळवाजुळव, नातेवाइकांना उत्तरं देणं, आणि मूल रडकुंडीला आल्यावर त्याच्याजवळ बसणं हेही. माझ्या वहीत आठवड्याला शेहेचाळीस तास निघाले. नवऱ्याचे सहा. त्यातले चार रविवारचे, गणिताचे. बाहेर मात्र ‘आम्ही मुलांना घरी शिकवतो’ असं सांगताना तो आणि मी एकच क्रियापद वापरत होतो.

आमच्या घरचं हे चित्र जगावेगळं नाही. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकामात भाग घेणारी बाई त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवते असं आढळलं, तर भाग घेणारा पुरुष ८८ मिनिटं. घरातल्या माणसांची काळजी घेण्याच्या कामात १५ ते ५९ वयाच्या बायकांपैकी ४१ टक्के होत्या आणि पुरुषांपैकी २१.४ टक्के, त्यातही बाईची १४० मिनिटं, पुरुषाची ७४. मुलांना शिकवणं, त्यांचा अभ्यास घेणं हे याच काळजीच्या खात्यात मोडतं. म्हणजे आधीच एका बाजूला कललेल्या तराजूत आपण आणखी एका शाळेचं वजन टाकतो, आणि तेही त्याच पारड्यात.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हे देशभरातल्या घरांनी पाहिलं. ज्यांनी कधी घरशाळेचं नाव ऐकलं नव्हतं त्या आयाही एका फोनवर दोन मुलांचे तास सांभाळत होत्या. ज्या घरात फोन एकच होता तिथे तो कोणाला मिळाला, मुलाला की मुलीला, हे आपल्याला वस्त्यांमधून फिरताना कळलंच.

घरात शिकलेल्या बायका

घरशाळेचे समर्थक इतिहासाचा दाखला देतात, की पूर्वी थोर माणसं घरीच शिकली. बायकांच्या बाबतीत हा दाखला नीट उघडून पाहायला हवा. ताराबाई शिंदे घरी शिकल्या, वडिलांमुळे. १८८२ साली त्यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून सगळ्या मराठी पुरुषवर्गाला जाब विचारला. पंडिता रमाबाईंना आईने, लक्ष्मीबाईंनी शिकवलं. पण लक्ष्मीबाई शिकलेल्या होत्या कारण अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवलं होतं. रमाबाई रानडे नवऱ्याकडून शिकल्या आणि त्यासाठी घरातल्या बायकांची बोलणी वर्षानुवर्षं सोसली. आनंदीबाई जोशींना गोपाळरावांनी शिकवलं, त्या शिकवण्यात धाक होता आणि मारही होता.

या चौघींबद्दल मला अपार आदर आहे. पण एक गोष्ट चौघींच्या बाबतीत सारखी आहे. घरातल्या कोणा पुरुषाच्या मनात आलं म्हणून त्यांच्यापर्यंत अक्षर पोचलं. ज्यांच्या घरातल्या पुरुषाच्या मनात आलं नाही त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. सावित्रीबाईंनाही पहिले धडे जोतीरावांनीच दिले, पण ते दोघं तिथे थांबले नाहीत. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा उघडली तेव्हा शिक्षण घरच्या पुरुषाच्या मर्जीतून बाहेर आलं. त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तिच्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेवलेलं होतं. तिच्यासाठी घर ही शाळा होऊच शकत नव्हती.

म्हणून ‘घर हीच खरी शाळा’ असं कोणी म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो, कोणाचं घर? माझ्या घरात पुस्तकांचं कपाट आहे, इंग्रजी वाचणारी आई आहे, एका पगारात भागतं आहे. यातलं बरंचसं मला जातीने आणि वर्गाने दिलेलं आहे. ते मी मुलांना देते आणि त्याला ‘नैसर्गिक शिक्षण’ म्हणते, तर ते अर्धंच सत्य झालं.

आमच्याकडे धुण्या-भांड्याला येणाऱ्या मावशींची मुलगी माझ्या मुलीच्याच वयाची, महापालिकेच्या शाळेत जाते. त्या एकदा म्हणाल्या, “ताई, तुम्ही पोरीला घरी ठेवली तर लोक म्हणतात हुशार असेल. मी माझीला घरी ठेवली तर म्हणतील, लग्न ठरलं.” शिक्षणावरच्या कितीतरी भाषणांत मला एवढं शहाणपण सापडलेलं नाही. माझी घरशाळा मावशींच्या श्रमावरही उभी आहे. त्या भांडी घासतात तेव्हा मी अपूर्णांक शिकवत असते, आणि त्यांच्या मुलीला कोणी शिकवायचं तर शाळाच आहे.

मग मी हे का करते?

हा प्रश्न मैत्रिणी विचारतात, आणि विचारावाच. माझी मुलगी आता पोटदुखीशिवाय उठते. ती हळू वाचते, पण वाचते. तिला प्रश्न विचारायची भीती वाटत नाही. मुलगा भात-आमटी करतो, कपडे वाळत घालतो, पाळी म्हणजे काय हे त्याला माहीत आहे आणि त्यावर त्याला हसू येत नाही. हे शाळेत जाऊन शिकता येत नाही असं मी म्हणणार नाही. पण मुलींची रांग वेगळी, मुलांची वेगळी, झाडलोट मुलींकडे आणि बाकं उचलणं मुलांकडे, असलं जे काही शाळा न बोलता शिकवते, त्यातून ती दोघं सुटली. ज्या मुलाला शाळेत रोज अपमान मिळतो, जे मूल वेगळ्या पद्धतीने शिकतं, त्याला बाहेर काढण्याचा मार्ग असायला हवा. तो मार्ग कोणी बंद करायला निघालं तर मी विरोध करीन.

कायद्याने हा मार्ग धड उघडाही ठेवलेला नाही आणि बंदही केलेला नाही. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षण हा हक्क झाला आणि मुलाला परिसरातल्या शाळेत दाखल करणं हे कलम १० ने पालकाचं कर्तव्य ठरलं. घरी शिकवण्याची तरतूद त्यात नाही, आणि दाखल न करणाऱ्या पालकाला शिक्षाही सांगितलेली नाही. दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे, वयाची चौदा वर्षं पुरी झाली की तिथे नाव घालता येतं. राज्य मंडळाकडे खाजगीरीत्या बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म आहे. या सोयी मुळात शाळा सुटलेल्यांसाठी, कामावर जाणाऱ्या मुलांसाठी, लवकर लग्न झालेल्या मुलींसाठी होत्या. आम्ही त्यांचा आधार घेतो, याचंही भान ठेवायला हवं.

धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. ‘घरी शिकते आहे’ हे वाक्य माझ्या तोंडी एक अर्थ देतं आणि दुसऱ्या घरात दुसरा. जिथे वयात आलेल्या मुलीला शाळेत पाठवायचं नाही, धाकट्या भावंडांना सांभाळायला ठेवायचं आहे, ऊसतोडीला न्यायचं आहे, तिथे या वाक्याने सगळं झाकता येतं. उद्या कमी पटाच्या शाळा बंद करताना शासनालाही ते सोयीचं वाटेल. २०२२ साली राज्यात वीसच्या आत पट असलेल्या शाळांची माहिती मागवली गेली तेव्हा आपण ओरड केली, ती याचसाठी. प्राथमिक शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी, असा नियम आहे. शाळा लांब गेली की आधी मुलगी घरी बसते, हे सांगायला आपल्याला कोणा तज्ज्ञाची गरज नाही. म्हणून माझ्यासारख्या बाईने घरशाळेचं समर्थन करताना त्याच दमात सरकारी शाळा टिकवण्याच्या लढाईत उभं राहिलं पाहिजे. माझी निवड ही निवड तेव्हाच आहे, जेव्हा कोपऱ्यावर चांगली शाळा आहे आणि तरी मी घरी शिकवते. शाळाच नसली तर ती सक्ती होते.

काय मागायचं?

घरशाळा करू पाहणाऱ्या मैत्रिणींना मी चार गोष्टी सांगते.

पहिली, निर्णय घेण्याआधी वही ठेवा. कोण किती तास देणार हे नवरा-बायकोने लिहून काढायचं. ‘मी मदत करीन’ हा शब्द चालवून घ्यायचा नाही. शिक्षण दोघांची जबाबदारी असेल तर त्याने करायचं ते त्याचं काम आहे, त्याला मदत म्हणायचं कारण नाही. आमच्या घरी वही समोर ठेवल्यावर महिनाभर वाद झाले. आज नवरा आठवड्यातल्या दोन दुपारी घरी असतो, त्यासाठी त्याने बढतीची एक जागा नाकारली. वाटणी अजून समसमान नाही. पण त्या दोन दुपारी मी घराबाहेर असते, आणि कुठे आहे हे कोणी विचारत नाही.

दुसरी, पैशाचं बोला. बाई नोकरी सोडते तेव्हा पगाराबरोबर भविष्यनिर्वाह निधी, बढती, ओळखी, म्हातारपणाची तजवीज सगळंच जातं. घर दोघांच्या नावावर हवं, बचत बाईच्या खात्यात दर महिन्याला जमा व्हायला हवी. संसार मोडला तर काय, हा प्रश्न अशुभ नाही. पोटगी ठरवताना मुलं वाढवण्यासाठी बाईने सोडलेली नोकरी लक्षात घ्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये सांगितलं. २००१ च्या जनगणनेने घर सांभाळणाऱ्या बायकांना भिकारी आणि कैद्यांबरोबर एका रकान्यात बसवलं, त्यावर याच न्यायालयाने २०१० साली नापसंती दाखवली. जानेवारी २०२१ मध्ये अपघाताच्या भरपाईच्या एका खटल्यात घरकामाला आर्थिक मोल आहे हे पुन्हा मान्य केलं. बाई मेल्यावर किंवा टाकल्यावर तिच्या कामाचं मोल न्यायालय करतं. ती जिवंत असताना, संसारात असताना ते घराने करायला काय हरकत आहे?

तिसरी, एकेकटीने करू नका. चार-पाच घरांनी मिळून दिवस वाटून घेतले तर प्रत्येकीला मोकळे दिवस मिळतात आणि मुलांना वेगवेगळी माणसं. त्यात आपल्याच जातीची, आपल्याच सोसायटीतली चार घरं घेतली तर मुलांचं जग शाळेपेक्षाही लहान होईल. वस्तीतल्या अभ्यासिकेत, वाचनालयात, आपल्या गटाच्या कार्यालयात ही मुलं बसू देत. तिथे येणाऱ्या इतर मुलांनाही आपलं कपाट, आपला वेळ उघडा असू दे.

चौथी, मुलीला विचारा. दर वर्षी विचारा, शाळेत जायचं आहे का? आणि ती ‘हो’ म्हणाली तर पाठवा. मुलीला घरात ठेवण्याचा निर्णय आजवर इतरांनीच घेतला आहे. तो आता प्रेमाने घेतला म्हणून कमी दुसऱ्याचा होत नाही. माझी मुलगी अकरावीला महाविद्यालयात जायचं म्हणते आहे, आणि जाणार आहे.

आपल्या चळवळीकडूनही माझी अपेक्षा आहे. घरकामाचं मोल, काळजीच्या कामाची वाटणी यांवर आपण तीस-चाळीस वर्षं बोलतो आहोत. त्यात मुलांच्या शिक्षणाचं काम अजून नीट मोजलेलं नाही, मग ते घरशाळेतलं असो की शाळेत जाणाऱ्या मुलाचा रोज रात्री घेतलेला अभ्यास असो. शाळा जितकं काम घरी धाडते तितकं ते आईच्या वाट्याला येतं, आणि जी आई निरक्षर आहे तिच्या मुलाची त्यात हार ठरलेली असते. शाळेचं काम शाळेतच पुरं व्हावं ही मागणी म्हणूनच बायकांचीही मागणी आहे.

घरशाळा करणाऱ्या बाईला ‘परत चुलीकडे गेली’ म्हणून बाजूला टाकू नका, आणि तिचं ‘आदर्श माता’ म्हणून कौतुकही करू नका. तिला विचारा, तुझी वही कुठे आहे? त्यात तुझ्या नावासमोर किती तास आहेत आणि त्याच्या नावासमोर किती? ज्या जणी हे करत आहेत, किंवा करून थांबल्या आहेत, त्यांनी आपापल्या वह्या घेऊन पुढच्या बैठकीला यावं. आकडे समोर आल्यावर वाद होतील. ते व्हायलाच हवेत.